येऊ नका म्हणालो होतो

लखूच्या आईला, धोंडाबाईंना, मी कोर्टात येऊ नका असं सांगितलं होतं. वेल्ह्याच्या डोंगरात काय पाहिलं आणि काय खाल्लं ते पुढे लिहिणारच आहे, पण आधी हे सांगायला हवं. तो एक फोन झाला नसता तर हा प्रवासही झाला नसता.

मी वकील आहे. ज्यांना फाशी होऊ शकते अशा आरोपींच्या बाजूनं उभं राहणं हेच गेली अनेक वर्षं माझं काम आहे. लखू त्यांतला एक. (या लेखातली सगळी नावं बदललेली आहेत.) पानशेतच्या बाजूला एका शेतघरावर तो राखणदार होता. दारूच्या भरात त्यानं घराचे मालक आणि त्यांची पत्नी, दोघांचा जीव घेतला. दोघंही सत्तरीच्या पुढचे. हे त्यानंच केलं होतं आणि पुरावा भक्कम होता. त्यांची मुलगी दररोज कोर्टात यायची आणि पहिल्या बाकावर वडिलांची शाल मांडीवर घेऊन बसायची. माझा युक्तिवाद चालू असताना ती माझ्याकडे बघायची नाही. मीही तिच्याकडे बघायचं टाळायचो.

लखू दोषी ठरला. शिक्षा काय द्यायची यावरचं बोलणं दुसऱ्या दिवशी होतं. त्या दिवशी सकाळी त्याच्या बहिणीचा, सगुणाचा, फोन आला. आई डोंगर उतरून वेल्ह्याच्या स्टँडवर आलीय, गाडी धरू का, म्हणून. मी घाईत होतो. म्हणालो, "येऊ नका. टीव्हीवाले आहेत, त्या घरची माणसं चिडलेली आहेत. तुम्ही येऊन काय फरक पडणार? मी आहे ना." दुपारी न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपीच्या घरचं कोणी आलंय का?" मी म्हणालो, "नाही, साहेब." निकालपत्रात त्या उत्तराचं एक वाक्य झालं. जन्मदात्या आईलाही ज्याची ओढ उरली नाही, तो सुधारेल असं मानायला आधार नाही. त्याच्या पुढच्या परिच्छेदात फाशी.

खालच्या कोर्टानं दिलेली फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. तिथं आता मुंबईच्या एक ज्येष्ठ वकीलबाई लखूचं काम बघताहेत. त्यांनी मला एकच विचारलं, "त्याच्या घरी तुम्ही कधी गेला होतात?" मी गेलो नव्हतो. खटला चालला तेवढ्या काळात एकदाही नाही. आणि लखूनं आता स्वतःबद्दल काही सांगणंच बंद केलं होतं. तुरुंगात भेटायला गेलो तर म्हणाला, "आईनं सोडलं मला. आता कुनासाठी भांडायचं? ऱ्हाऊ द्या." तो बोलत नाही, घरचं कोणी बोलत नाही, म्हणजे या माणसाच्या आयुष्याबद्दल कोर्टाला सांगण्यासारखं कोणाच्या हातात काहीच नाही. सुनावणी जवळ आली होती. मी पिशवी भरली आणि स्वारगेटला आलो.

पहिला टप्पा सारोळे. भोर तालुक्यातलं, नीरेच्या पुलाच्या अलीकडचं हे गाव सातारा रस्त्यावरच्या हॉटेलांवर जगतं. त्यातल्याच एका हॉटेलात सगुणा चुलीवर भाकऱ्या थापते. गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून चूल मुद्दाम दर्शनी ठेवलेली. मी समोर उभा राहिलो. तिनं मला ओळखलं, पण हातातली भाकरी तव्यावर पडेपर्यंत ती बोलली नाही.

"आता आलात व्हय?"

"उशीर झाला," मी म्हणालो.

"उशीर एसटीला हुतो, सायेब."

शेजारी पीठ मळणारी बाई फिसकन हसली. सगुणा हसली नाही. तरी तिनं मला बाकावर बसवलं, पिठलं आणि भाकरी वाढली, कांदा फोडून दिला. मी जेवत असताना ती चुलीकडे तोंड करूनच बोलत होती. "आईकडं चाललाय ना? जावा. तिला कुनाचा राग येत न्हाई. मला येतो. तुमी म्हनलात, येऊ नका, आन् मी बी येडी, तसंच फोनवर सांगितलं तिला."

"आई काय म्हणाली तेव्हा?"

"वर गेलात की कळंल. माझ्या तोंडानं सांगायचं न्हाई. शपत घातलीया तिनं." तिनं चहा-साखरेची पुडी आणि गुडघ्याला चोळायचं तेल माझ्याकडे दिलं. "बिबट्या हाय म्हनं वर. वकिलाला खात न्हाई बहुतेक."

सारोळ्याहून कामथडीवरून मागे येत नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावर उतरलो. इथून वेल्ह्याला वडाप (भरली की सुटणारी जीप) मिळते. मार्गशीर्ष लागला होता. भातखाचरं कापून मोकळी झाली होती आणि बांधाबांधावर उडव्या (भाताच्या भाऱ्यांच्या गोल राशी) उभ्या होत्या. डोंगरउतारांवरचं गवत वाळून पिवळं पडलेलं. रस्ता वळला की तोरणा दिसायचा, पुन्हा लपायचा. सरकारी कागदावर तालुक्याचं नाव आता राजगड आहे, जीपमधली सगळी माणसं मात्र वेल्हंच म्हणत होती.

विंझरला दोघं उतरले, तशी मला पुढची जागा मिळाली. ड्रायव्हरनं विचारलं, "पाव्हनं, गडावर?"

"नाही. घाटाच्या बाजूला, धनगरवाडीत. धोंडाबाईंकडे."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "फाशीवाल्याच्या घरी? पेपरवाले का?"

"वकील."

"मग हात-पाय जपून. तिथं कुत्री लई हायती, काळा कोट बगितला की भुकत्यात." मागचे हसले. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "पोरानं वंगाळ केलं, ते केलंच. पन आई बगा ना. कोर्टात गेली न्हाई. पोटचं पोरगं फासावर जातंय आन् ही माघारी फिरली. मग जज्ज तरी काय करनार?"

मागून एका म्हातारीनं त्याला झापलं, "तू गप गाडी हाक रं. तुला काय ठावं आईचं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. वेल्हं येईपर्यंत मी मनाशी वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात माझी बाजू थोडीशी बरी दिसत होती.

धोंडाबाईंचे चुलत दीर कोंडिबा मला न्यायला खाली आले होते. डोक्याला पांढरं पागोटं, खांद्यावर घोंगडी. गाडीरस्ता संपल्यावर चढण लागली. कारवीच्या दाटीतून जाणारी अरुंद वाट, पायाखाली सुटे दगड. पहिल्याच टेपाडावर माझ्या उजव्या बुटाचा तळ निघाला. कोंडिबांनी घायपाताच्या दोरीनं तो बांधून दिला.

"कोर्टातली पायताणं ही. फरशीवर बरी दिसत्यात," म्हणाले.

वर चढताना एका सपाटीवर दोन लांब बांबू झाडाला टेकवून ठेवलेले दिसले. मी विचारलं. "डोली," ते म्हणाले. कोणी आजारी पडलं, बाई अडली, की घोंगडीची झोळी या बांबूंना बांधून खाली न्यायची. घरटी एक माणूस निघतो. भांडण असो, बोलणं बंद असो, निघायचंच. वाडीतलं माणूस खाली अडचणीत असलं तरी तसंच. याला ते 'उतरणं' म्हणतात.

"लखू असायचा का डोलीला?"

"म्होरला खांदा त्याचाच. उताराला म्होरल्यावर सगळा भार येतो. धा-बारा सालाचा हुता तवापास्नं हट्ट, म्होरं मीच." कोंडिबा थांबले. "त्या म्हाताऱ्या मानसांवर त्यानं हात कसा उचलला, मला उमगत न्हाई. लई इचार करतो म्या."

मग चालता चालता त्यांनी सहज सांगितलं, "त्याच्यासाठी बी उतरलो हुतो की आमी."

मी उभाच राहिलो.

"निकालाच्या वक्ताला. घरटी एक. भाकऱ्या बांधून स्टँडवर बसलो हुतो. गाडी लागली हुती. तेवढ्यात सगुणाचा फोन आला, माज्याच मोबाईलवर. वैनीनं कानाला लावला, आयकला, आन् मला परत दिला. म्हनली, माज्यानं जाववत न्हाई, चला माघारी. आमी लई सांगितलं. न्हाई म्हंजे न्हाई." ते वाटेच्या कडेला थुंकले. "तवापास्नं वाडीत तिच्याशी कोन फार बोलत न्हाई. घरटी मानूस उतरल्यालं, आन् आईनंच फिरवलं. आजवर असं कदी झालं न्हवतं."

फोनवर काय सांगितलं गेलं ते कोंडिबांना माहीत नव्हतं. वाडीत कोणालाच माहीत नव्हतं. स्टँडवर एवढी माणसं माझ्या होकारासाठी बसली होती, हे मला माहीत नव्हतं. ती सगळी कोर्टात आली असती. पागोटी, लुगडी, घोंगड्या यांनी मागचे बाक भरले असते, आणि न्यायाधीशांनी विचारल्यावर मला नुसतं हात करून दाखवता आलं असतं.

पठारावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वाऱ्यात वाळल्या गवताचा आणि शेणाचा वास. कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली घरं, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. म्हशी अजून रानातून यायच्या होत्या. धोंडाबाई ओट्यावर बसून नाचणी पाखडत होत्या. मला वाटलं होतं त्याहून त्या उंच होत्या. लखूचा कपाळपट्टा त्यांचाच.

"या," म्हणाल्या. "उन्हाचं आलात."

त्यांनी तांब्याभर ताक दिलं. गार, घट्ट, वर जिऱ्याची पूड. सगुणानं दिलेलं त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी तेलाची बाटली उघडून वास घेतला, झाकण लावलं, आणि मग विचारलं, "खातो का नीट?"

"खातो. बारीक झालाय."

"हितं बी खायचा न्हाई. ताटाशी बसवून चारावं लागायचं." सूप बाजूला ठेवलं. "माजं नाव काडतो का?"

खोटं सांगता आलं असतं. म्हणालो, "त्याला वाटतं, तुम्ही त्याला सोडलं."

त्यांनी सूप पुन्हा ओढून घेतलं. मग मी विचारलं, "मावशी, मी येऊ नका म्हणालो होतो. हे तुम्ही वाडीत का नाही सांगितलं?"

त्यांनी कोंडिबा कुठं आहेत ते आधी पाहिलं. ते अंगणाच्या टोकाला कोणाशी तरी बोलत उभे होते. तेव्हा हलक्या आवाजात म्हणाल्या, "सांगून काय करू? ही मानसं तापट. म्हनली असती, असला कसला वकील, द्या सोडून. कुनी फोनवर शिव्या घातल्या असत्या. तुमी चिडला असता. मग त्याच्याकडनं उबं कोन ऱ्हानार हुतं? मला बोलत्यात, बोलू द्या. माजं काय जातंय."

मी या कामात माणसं पुष्कळ पाहिली आहेत. मुलासाठी खोटी साक्ष द्यायला निघालेल्या आया पाहिल्या, भर कोर्टात मुलाला शाप देणाऱ्याही पाहिल्या. मुलाचा वकील टिकावा म्हणून आपल्या वाडीत एकटी पडलेली आई मी पहिल्यांदा बघत होतो, आणि तो वकील मी होतो. तिथल्या तिथं रडू आलं असतं तर सोपं गेलं असतं. आलं नाही.

म्हशी परत आल्या. त्यांच्यामागे माणसंही आली. खालून कोणी आलंय ही बातमी पोचली होती, त्यामुळे कोंडिबांच्या अंगणात हळूहळू सगळी जमली. बायका कुडाला टेकून उभ्या राहिल्या. धोंडाबाई आपल्याच ओट्यावर, थोड्या लांब. त्यांना कोणी ये म्हणालं नाही. मला चहा मिळाला. एकानं विचारलं, "वाचंल का वो त्यो?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "पण तो कसा वाढला, तुम्ही त्याला कसं ओळखता, हे कोर्टाला कळलं तर विचार होऊ शकतो. तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. मुंबईला यावं लागेल."

"आन् ह्या येळंला बी हिनं माघारी फिरवलं तर?" एक म्हातारा ओट्याकडे हनुवटी करून म्हणाला. कोणीतरी हसलं, कडवट.

मी कप खाली ठेवला आणि उठलो. धोंडाबाईंना कळलं मी काय करणार ते. त्या ओट्यावरून उतरून दोन्ही हात हलवत आल्या. "नगा सायेब. बोलू नगा. बसा खाली."

जीपमध्ये जुळवलेली वाक्यं त्या वेळी एकही आठवली नाहीत. मी त्यांच्यासमोर गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"यांनी तुम्हाला माघारी फिरवलं नाही. मी फिरवलं. या येत होत्या, तुम्ही सगळे येत होतात, आणि मी फोनवर येऊ नका म्हणून सांगितलं. मग न्यायाधीशांनी विचारलं, घरचं कोणी आलंय का, तर मी नाही म्हणालो. कोणी का नाही, ते सांगितलं नाही. हे सगळं मी माझ्या नावानं कोर्टात लिहून देणार आहे, आणि लखूला तुरुंगात जाऊन सांगणार आहे. मावशी, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."