सुभेदारांचा हिरवा डबा

मुलांनो, सुभेदार मागच्या महिन्यात गेले. तुम्हाला ते ‘रंगवाले आजोबा’ एवढेच आठवतात. बाकीचं मी विसरायच्या आत लिहून ठेवते.

शिराळ्याला आपल्या मळ्याशेजारी त्यांचं शेत. फौजेतून परतल्यापासून ते जागेवर थांबेल ती वस्तू रंगवत. विहिरीचा कठडा, बांधाचे दगड, नारळाची खोडं. खाली गेरू, वर चुना. एकदा आपलं फाटकही न विचारता रंगवलं. “आवं बाई, लय उघडं दिसत हुतं,” एवढंच म्हणाले.

त्यांनी एका द्राक्षबागायतदाराकडून छोटा ट्रॅक्टर घेतला. बागेबाहेर कधी न पडलेला, म्हणून नोंदणीही न झालेला. सुभेदारांचा ऊस होता डांबरी रस्त्यापलीकडे. रस्ता जेमतेम वीस पावलांचा. गावातले बिननंबरी ट्रॅक्टर खुशाल ये-जा करत. सुभेदार म्हणत, “नंबर न्हाई, तर रस्ता न्हाई.”

उसाच्या बुडाशी माती चढवायचे दिवस जवळ आले होते. ऊस वाढला की ट्रॅक्टर आत शिरत नाही. नोंदणीचे इंग्रजी अर्ज मी भरले. त्यांनी तपासणीसाठी ट्रॅक्टर रंगवला, हत्यारांच्या डब्याच्या आतूनसुद्धा. रंग फौजी गाड्यांचा हिरवा.

तपासणीच्या कॅम्पला ट्रॅक्टर टेंपोत घालून नेला. तरुण अधिकारी अवघडून म्हणाला, “सुभेदार, हा रंग फौजेशिवाय कुणाला चालत नाही. हे तुम्हाला मी काय सांगायचं?”

सुभेदार ताठ उभे राहिले. “बरोबर हाय, सायेब. चूक आमची.”

पुढचा कॅम्प महिन्याभरानं. त्यांनी हिरवा खरवडून निळा दिला. तोवर ऊस हाताबाहेर वाढला. सगळी माती त्यांनी आणि त्यांची सून मंगल हिनं खोऱ्यानं चढवली.

“मामा, लोकं हसत्यात,” ती म्हणाली.

“हसू देत. दात त्यांचं, रस्ता सरकारचा.”

नंबर मिळाला. पण डब्याच्या आतला हिरवा खरवडायला त्यांचा हात उठेना.

“आतलं कोण बघतंय?” मी म्हटलं.

“मी बगतो की.”

तेवढा रंग राहू द्यावा, असा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला आणि स्वतः जाऊन दिला. उत्तर येईपर्यंत डबा बंद, असा घरात हुकूम सुटला. अधिकाऱ्याची बदली झाली. उत्तर आलं नाही.

आता ट्रॅक्टर मंगल चालवते. डबा बंदच आहे. पाने आणि हातोडी सीटमागच्या कापडी पिशवीत असतात.