रक्षाच्या कॉलेजचा अर्ज

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत रक्षाइतकी हट्टी पोरगी दुसरी नाही, असं मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती हसते. पीयूसीला, म्हणजे बारावीला, कॉमर्समध्ये तिला ब्याण्णव टक्के पडले, तेव्हा गल्लीने तिला परस्पर सीए करून टाकलं, कुणी बँकेत बसवलं, आणि एका आत्याने तर स्थळसुद्धा बघून ठेवलं. पोरीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला बालवाडीच्या वयाच्या मुलांना शिकवायचंय, त्यातही ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, लवकर समजत नाही अशांना. त्याची चार वर्षांची पदवी असते.

तिचे वडील सिद्राम हे चार पॉवरलूमचे मालक, आणि त्याच चार मागांवरचे कामगारही तेच. "टीचर व्हायला ब्याण्णव टक्के कशाला लागत्यात?" असं त्यांनी विचारलं, तेही माझ्यासमोर. मी गल्लीतल्या अंगणवाडीची टीचर. सतरा वर्षं झाली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण त्यांचं म्हणणं माझ्यापुरतं खरंच होतं. मला जे शिकवायचं ते सरकारने महिनाभराच्या ट्रेनिंगमध्ये उरकलं, आणि त्यातले निम्मे दिवस रजिस्टर कसं भरायचं यात गेले.

रक्षा मात्र उरकणाऱ्यातली नाही. मे महिन्यात दुपारी मुलं घरी गेली की ती माझ्याकडे वही घेऊन यायची. वहीत डाव्या पानावर बेळगावचं कॉलेज, उजव्या पानावर कोल्हापूरचं. बेळगावला घरून जाता येईल, पण सगळं इंग्रजीत. कोल्हापूरला मराठीतून पेपर लिहिता येतो, पण रोज जाऊन येणं होत नाही. मग निपाणीला मामाकडे राहायचं आणि सकाळची बस धरायची. कुठल्या वर्षी बालविकास, कुठल्या वर्षी खुणांची भाषा, कुठल्या वर्षी प्रत्यक्ष वर्गावर जायचं, सगळं तिने उतरवून काढलं होतं. मी आपली शेंगा सोलत बसायचे आणि मध्येच चिडवायचे, "एवढं प्लॅनिंग सरकारनं केलं असतं तर माझ्या अंगणवाडीचं छप्पर गळलं नसतं." ती हसायची, पण वहीवरची मान वर करायची नाही.

हे सगळं तिने ऋतिकासाठी चालवलंय, हे गल्लीत कुणालाही विचारा, सांगतील. ऋतिका तिची धाकटी बहीण. तेरा वर्षांची आहे, आणि तिला ऐकू येत नाही.

ज्याने मागाच्या घरात दिवस काढला नसेल त्याला एक गोष्ट सांगितली पाहिजे. चार माग एकदम चालू असले की तिथे बोलणं नावाची गोष्ट नसते. धोट्याचा ठोका कानात बसतो. माणसं हाताने आणि ओठांनी बोलतात. धोट्यातली सुताची कांडी संपली, जेवायला ये, दारात कोण आलंय, सगळ्याला खूण ठरलेली. हात वर करून बोटं फाकवली की 'इकडे बघ', आणि समोरच्यानेही तसंच केलं की 'बघतोय'. मीही शहापूरच्या मागवाल्यांचीच मुलगी. आमच्याकडची लहान मुलं बोलायच्या आधी हात करायला शिकतात, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटतं.

ऋतिकाचं तर फार कौतुक. धडधडाटात पाळण्यात टाकली तरी दचकायची नाही. "आमच्या कुळाची हाय," असं सिद्राम म्हणायचे. दीड वर्षाची असताना सगळ्या खुणा तिला यायच्या. बोलत नव्हती, पण तिच्या घरात दिवसभर बोलत होतं कोण? तीन वर्षांची झाल्यावर ती माझ्या अंगणवाडीत आली. शब्द काढत नव्हती. मी म्हटलं, घरात मराठी, इथे मी कानडी गाणी म्हणते, पोर गोंधळली असेल. असं मी कितीतरी मुलांबद्दल म्हटलंय, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरलं.

त्याच वर्षी सरकारी दवाखान्याची गाडी तपासणीला आली. नर्स मुलाला पाटावर बसवायची, मागे जाऊन छोटी घंटा तीनदा वाजवायची, आणि आवाज आला की मुलाने हात वर करायचा. ऋतिकाच्या आधी एका मुलाने हात वर केला नाही. नर्सने लाल पेनाने काहीतरी लिहिलं आणि त्याची आई रडायला लागली. मग ऋतिका बसली. नर्सला ती पहिल्यांदाच बघत होती, तरी तिने तिन्ही वेळा हात वर केला, बोटं फाकवून. मी नर्सला म्हटलं, "हुशार आहे, फक्त लाजते." आणि रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'ठीक' लिहिलं.

पुढे पहिलीच्या वर्गात बाईंच्या लक्षात आलं. तोवर सहावं सरून गेलं होतं. हुबळीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन आता फारसं उपयोगाचं नाही, तीन वर्षं आधी आणायला हवी होती. राजेश्वरी, म्हणजे पोरींची आई, तेव्हा महिनाभर कांड्या भरायच्या मशिनवर बसली नाही.

आता अर्जाकडे येते. शेवटी तिने निवडलेल्या कोल्हापूरच्या कॉलेजच्या अर्जात एक कोरं पान होतं: हा अभ्यासक्रम का निवडला ते स्वतःच्या शब्दांत लिहा. जून उजाडला, चार दिवसांनी शेवटची तारीख, आणि ते पान कोरंच. मी म्हटलं, "ऋतिकाचं लिही. त्यात काय एवढं?"

रक्षाने वही मिटली. मग म्हणाली, "टीचर, ते मला लिहिता यायचं न्हाय. ऋतिकाला मी बहिरी ठेवलंय."

मी शेंगा बाजूला ठेवल्या.

"तपासणीच्या दिवशी मी शाळेतनं तिला न्यायला आलते," ती सांगू लागली. "दारात हुबी होते, तिच्या समोर. आधीचा पोरगा नापास झाला, त्याची आई रडली. मला वाटलं आपली ऋतिकापण नापास हुणार. घंटी वाजली की मी हात केला. तिनं मला बघून हात केला. तीनदा." तिने हात वर करून दाखवला, बोटं फाकवून. "मला म्हाईत होतं, हात केल्याबिगर तिला कळत न्हाय. पण ते ऐकू न येणं असतंय हे म्हाईत न्हवतं. आईला अजून सांगितलेलं न्हाय. पदवी झाल्यावर सांगीन म्हणते. म्हंजे कायतरी भरपाई केल्यासारखं हुईल."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "तू लहान होतीस. जाऊ दे." आणि मुलांच्या चटया गुंडाळायला उठले.

असं म्हणून मी तिला घरी पाठवलं, याची लाज मला आज जास्त वाटते. कारण मला सगळं माहीत होतं. रक्षाचा हात मी पाहिला होता. मी रजिस्टर मांडीवर घेऊन पाटाच्या बाजूलाच बसले होते. मला दार दिसत होतं, दारातली आठ वर्षांची पोर दिसत होती, आणि मागवाल्यांची खूण कळायला मला कुणी शिकवायला नको होतं. एकदा वाटलं, नर्सला थांबवावं. पण नापास मुलाबरोबर जिल्हा दवाखान्यात मलाच जावं लागतं, दोन-तीन खेपा होतात, त्याचे कागद मीच करायचे. आदल्या वर्षी एका घरी 'पोराला दाखवून घ्या' म्हटलं, तर 'आमच्या पोराला येडं म्हणतीस व्हय' म्हणून सगळी गल्ली माझ्या दारात आली होती. बहिणी बहिणी खेळतायत, असं मी स्वतःला सांगितलं. 'ठीक' ही दोन अक्षरं लिहायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रक्षाला बोलावून हे सांगितलं. चांगुलपणाने नव्हे. रात्रभर त्या कोऱ्या पानाने मला झोपू दिलं नाही, आणि हे ओझं ती चार वर्षं बसमधून रोज कोल्हापूरला वाहून नेणार हे मला बघवलं नसतं.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. "तुम्ही बघितलासा," ती म्हणाली. "आणि मी हितं रोज येत होते. वही घिऊन. दहा वर्षं मला एकटीला कशाला ठिवलासा?"

तिने वही उचलून काखेत धरली.

"आता आईला सांगायला चला," ती म्हणाली. "मी माझं सांगते, तुम्ही तुमचं सांगा."

ऋतिका शाळेत गेली होती, सिद्राम सूत आणायला. राजेश्वरी एकटीच दोन माग सांभाळत होती. रक्षाने आत जाऊन दोन्ही मागांची बटणं बंद केली. भर दुपारी माग थांबले म्हणून राजेश्वरी दचकून बघायला लागली. रक्षाने उभ्यानेच सगळं सांगितलं, एका दमात, पाठ केल्यासारखं. मग मी सांगितलं. माझं सांगणं लांबलं. मी दवाखान्याच्या खेपा सांगितल्या, कागद सांगितले, आदल्या वर्षीचं भांडण सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी माफी मागत नाहीये, कारणं देतेय. म्हणून मी थांबले.

राजेश्वरीने आधी रक्षाला जवळ ओढलं. तिचे हात सुताच्या धुळीने भरले होते, ते तसेच पोरीच्या केसांवर फिरवले. "एवढीशी हुतीस गं तू," ती म्हणाली. मग तिने अर्ज मागितला. मला वाटलं सही करेल, पण तिने तो मांडीवर ठेवला.

"ऋतिकासाठी म्हणून चार वर्षं शिक्षा भोगाय निघाली असशील, तर मी सही करणार न्हाय," ती रक्षाला म्हणाली. "तुला बारकी पोरं आवडत्यात काय, ते सांग."

रक्षाने एवढी वहीभर आखणी केली, पण हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता असं दिसलं.

"आवडत्यात," ती म्हणाली. "लई आवडत्यात."

"मग ह्येच लिही त्या पानावर."

राजेश्वरीने सही केली. कानडीत करते ती, सावकाश, एकेक अक्षर. अर्ज रक्षाच्या हातात दिला आणि तिला पाणी आणायला आत पाठवलं. मग माझ्याकडे वळली. चिडलेली दिसत नव्हती, तेच मला अवघड झालं.

"माझी रक्षा तवा आठ वर्साची हुती," ती म्हणाली. "तुम्ही किती वर्साच्या हुतासा, टीचर?"

"एकतीस," मी म्हटलं.