न जुळलेल्या दोन प्रती

दापोड्याच्या एका गोदामात केसरीनाथ भोईर सुपरवायझर होते, आणि गोदामाबाहेरच्या जगाविषयी त्यांची एकच तक्रार होती : तिथे कशावरही चिठ्ठी लावलेली नसते. गोदामात बारा रांगा, प्रत्येक रांगेत मालाच्या थप्प्या आणि प्रत्येक थप्पीला क्रमांक. शेलार गावातल्या घरीही त्यांनी तीच व्यवस्था आणली होती. हळदीच्या डब्यावर 'हळद' आणि मिठाच्या डब्यावर 'मीठ' असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. त्यांच्या मातोश्री जानकीबाई एकदा म्हणाल्या होत्या, "केसरी, माज्या कपालाव बी एक चिकटव, 'आई' म्हणून. इसरशील न्हायतर."

या घरात चिठ्ठी टिकत नव्हती ती फक्त केसरीनाथांच्या मुलीवर. भाविका दहा वर्षांची, पाचवीत. तिला मीठ आणायला पाठवावे, तर अर्ध्या तासाने ती कुणाच्या तरी चार शेळ्या हाकत दारात येई. कारण शेळ्या भिवंडी-वाडा रस्त्यावर मधोमध उभ्या होत्या आणि समोरून ट्रक येत होता. मीठ? ते राहिलेच. वर्गात फळा पुसायला उठली की फळ्यानंतर खिडकी, खिडकीनंतर पंख्याचे बटण आणि त्यानंतर शेजारच्या वर्गाचा फळा. वर्गशिक्षक रवींद्र सरांच्या तक्रारींच्या चिठ्ठ्या येत आणि केसरीनाथ त्या तारखेनुसार लावून ठेवीत. दोन हजार सहा सालच्या फेब्रुवारीपर्यंत ती फाइल दोन बोटे जाड झाली होती.

अखेर भिवंडीच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. माधवी गायकवाड यांनी तीन भेटींनंतर नाव सांगितले : एडीएचडी. "लक्ष एका जागी टिकत नाही, अंग एका जागी राहत नाही आणि मनात आलेले थोपवता येत नाही. यात तिचा हट्ट नाही, आणि तुमच्या वळणाचा दोषही नाही."

केसरीनाथांना फार हायसे वाटले. चिठ्ठी तर सापडली! आता प्रश्न होता तो जागेचा, आणि तीही त्यांनी ठरवून टाकली होती. घाटावर एक वसतिगृहाची शाळा होती. तिच्या माहितीपत्रकात पहाटे पाचपासूनचा दिनक्रम पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटींत छापलेला होता. तो तक्ता वाचताना नवऱ्याचे डोळे पाणावले होते, असे त्यांची पत्नी कमळ आजही शपथेवर सांगते. जूनमध्ये भाविकाला तिथे पाठवायचे. मुलीला अशा शिस्तीची गरज आहे, असे डॉक्टरांचे पत्र तेवढे प्रवेशासाठी हवे होते.

"अहो, पोरगी आहे ती, माल नाही," कमळ म्हणाली.

"मालाला मी इतका जीव लावत नाही. शाळेत रोज बोलणी खाते. मुली हिला खेळायला तरी घेत असतील का? मी तिला त्यातून सोडवतो आहे."

हे त्यांनी अगदी मनापासून म्हटले होते. म्हणूनच कमळला पुढे काही बोलता येईना.

डॉक्टरांनी पत्राआधी दोन फॉर्म हातात ठेवले. प्रत्येकात तेच बत्तीस प्रश्न : शाळा कशी वाटते, घर कसे वाटते, मैत्रिणी आहेत का. एक फॉर्म पालकांनी भरायचा, दुसरा मुलीने. "तिला मदत मात्र करू नका," त्यांनी बजावले.

आता, गोदामातून माल बाहेर पडतो तेव्हा चलानाच्या दोन प्रती निघतात, एक गोदामाची आणि एक ड्रायव्हरची. त्या तंतोतंत जुळल्याशिवाय फाटक उघडायचे नाही, हा केसरीनाथांचा चौदा वर्षांचा नेम. ड्रायव्हर काकुळतीला येत, "भोईर साब, एक पेटी का तो फरक है, जाने दो ना." त्यावर यांचे उत्तर ठरलेले असे, "एक पेटी का फरक है, इसीलिए नहीं जाने दूँगा."

रविवारी भाविकाने ओट्यावर पालथे पडून, मध्ये दोनदा उठून, एकदा कोंबडी पकडून आणून आपला फॉर्म भरला. केसरीनाथांनी तिला तिळमात्र मदत केली नाही. फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी तो आपल्या फॉर्मशी ताडून पाहिला इतकेच, आणि ते थक्क झाले. बत्तीसांपैकी एकोणीस उत्तरे जुळत नव्हती! मागच्या बाजूला तर शेळ्यांची चित्रे होती. चित्रांखाली काहीतरी खरडले होते; पण सरकारी थाटाच्या कागदावर शेळी पाहताच त्यांनी पुढे वाचणे सोडले. पोरीने घाईत खुणा केल्या, दुसरे काय? त्यांनी खबरदारी म्हणून आधीच काढून ठेवलेली कोऱ्या फॉर्मची झेरॉक्स घेतली, सुवाच्य अक्षरांत आपल्या प्रतीबरहुकूम दुसरी प्रत तयार केली, आणि भाविकाच्या कागदावर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहिले. रद्द प्रत फाडायची नसते. ती घडी करून पिशवीत ठेवली.

बुधवारी डॉक्टरांनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी मांडल्या. "अगदी जुळतात हो."

"जुळणारच," केसरीनाथ नम्र अभिमानाने म्हणाले.

"बत्तीसच्या बत्तीस जुळलेले मी आजवर पाहिले नाही. आणि पाचवीतल्या मुलीचे अक्षर इतके सुपरवायझरसारखे?"

चाकांच्या स्टुलावर गिरक्या घेणारी भाविका थांबली. "ते बाबांनी भरलंय. माझं चुकलं होतं."

"काय चुकलं होतं?"

"माहीत नाही. जुळलं नाही."

मग डॉक्टरांनी नुसता हात पुढे केला आणि केसरीनाथांनी पिशवीतून रद्द प्रत काढून दिली. कमळला हसू आवरेना. "कुठे टाकलं असतंत तर शोधायची पाळी आली असती. तुमच्या शिस्तीचा आज पहिल्यांदा उपयोग झाला बघा."

डॉक्टर वाचू लागल्या. "शाळेत जायला आवडते : पुष्कळदा. मैत्रिणी खेळायला घेतात : नेहमी."

"घेतात?" केसरीनाथांनी मुलीकडे पाहिले.

"लंगडीला माझ्यावरून भांडणं होतात, बाबा. मी कुणाच्या हाती लागत नाही ना!"

"आणि रवींद्र सर?"

"सर ओरडतात. मग हसतात. मग चिठ्ठी लिहितात."

डॉक्टरांचा आवाज थोडा खाली आला. "घरी हाक मारली की पोटात गोळा येतो : नेहमी."

केसरीनाथांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांच्या प्रतीत या प्रश्नापुढे 'कधीच नाही' होते. डॉक्टरांनी कागद उलटला. एक गोष्ट बदलायची असेल तर कोणती, या प्रश्नाखाली शेळ्यांच्या मधून वाट काढीत भाविकाने लिहिले होते : "बाबांनी मला लांबून तीन कामं एकदम सांगू नयेत. पहिलं करेपर्यंत दोन हरवतात. मी मुद्दाम टाकत नाही."

"पत्र हवे असेल तर लिहिते," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त सांगा, कोणत्या प्रतीवरून लिहू?"

केसरीनाथांनी स्वतःची आणि भाविकाची, अशा दोन्ही प्रती आपल्याकडे ओढल्या. एकेका ओळीवर बोट ठेवीत त्यांनी त्या पुन्हा ताडल्या, शेवटपर्यंत, शेळ्यांसकट. मग ते फाटकावर बोलत त्याच स्वरात बोलले, "प्रती जुळत नाहीत. गाडी सोडता येणार नाही."

"म्हणजे मी जायचं नाही?" भाविकाने विचारले, पण उत्तर येईपर्यंत स्टूल पुन्हा फिरू लागले होते.

पुढचे काम सावकाश चालले. रवींद्र सरांनी तिला पहिल्या बाकावर आणले आणि फळा पुसण्याचे काम अधिकृतपणे तिच्याकडे सोपवले. औषधाचा विचार डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने करायचे ठरवले. केसरीनाथांच्या वाट्याला एकच नियम आला : हाक मारायची नाही, जवळ जायचे, खांद्यावर हात ठेवायचा आणि एका वेळी एकच काम सांगायचे. त्यांनी तो नियम भिंतीवर लावला. पन्नाशीला आलेला माणूस ओट्यावरून परसात, परसातून गोठ्यात मुलीच्या मागे जाऊ लागला. जानकीबाई सुपारी कातरीत म्हणत, "माज्याजवल कवा आला न्हाय एवडा चालत!" वसतिगृहाच्या अर्जावरही तिरकी रेघ आली आणि तो फाइलमध्ये गेला.

सहा महिन्यांनी फॉर्म पुन्हा भरायचे होते. भाविकाने आपला फॉर्म घडी घालून दिला. केसरीनाथांनी तो न उघडता पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवले. ते चिकटवताना त्यांना जे कष्ट झाले, ते कमळच जाणे.

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "मीठ आण."

पंधरा मिनिटांत ती परत आली. हातात मीठ होते. मागे एक शेळीही होती, पण एकच.

केसरीनाथांच्या ओठांवर तीन प्रश्न एकदम आले होते. त्यांतले दोन त्यांनी मागे ठेवले.

"कुणाची?" त्यांनी विचारले.

मीठ डब्यात गेले. शेळीसाठी मात्र घरात डबा नव्हता, म्हणून बापलेक तिला पोहोचवायला निघाले.