इंजिनाच्या चाकांचं कुंकू

आमच्या इंदिरानगरच्या घरातली मागची खोली आगगाडीची आहे. खेळण्यातली म्हटलं की नवऱ्याला राग येतो. "मॉडेल म्हण," म्हणतात. मी चौथी शिकलेली, मला बोटभर उंचीचं इंजिन खेळणंच वाटतं. प्लायवूडवर रूळ, बोगदा, स्टेशन, आणि स्टेशनच्या दिव्यांना माझ्या शिवणाच्या डब्यातले मणी. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्यांचा दिवस तिथेच जातो. मला ती खोली पापड-कुरडया ठेवायला हवी होती. त्यावरून आमची बरीच भांडणं झाली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हलका होता. माणूस उठला, पण उजवा हात थरथरत राहिला. चहा घेताना कप बशीवर वाजायचा. मी बशी देणं बंद केलं.

खंडेनवमीला आमच्याकडे माझी विळी, शिवणयंत्र आणि त्यांचं इंजिन यांची पूजा होते. दरवर्षी ते इंजिनाच्या टपावर कुंकवाचं एक बोट लावायचे. यंदा दुखण्यातून उठले होते, म्हणून भक्ती वाढली. आधी इंजिनाला तेलपाणी केलं, मग तेलात कालवलेलं हळदकुंकू एकेका चाकाला लावलं, स्कूटरला लावतात तसं. हात हलत होता, वेळ लागत होता. मी म्हटलं, "पुरे आता, नैवेद्य गार होतोय."

दुसऱ्या दिवशी इंजिन जागचं हलेना.

मग रोज तेच. टप काढायचा, भिंगातून बघायचं, पुन्हा बसवायचा. मी टॉर्च धरून उभी. मोटरला बाहेरून बॅटरी लावली की ती छान फिरायची. रुळावर ठेवलं की मेलेली. रुळातली वीज चाकांमधून आत जाते, हे ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय.

शेवटी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "तेल घालताना माझ्याच हातानं आतली तार निखळली असणार. हा हात आता कामाचा नाही."

येवल्याला त्यांचा एक मित्र आहे, त्यालाही हेच वेड. त्याला फोन लावला. "रविवारी ये. रूळ, डबे, सगळं घेऊन जा. फुकट."

मग हॉलमध्ये बंद टीव्हीसमोर बसून राहिले. जेवायला हाक मारली की यायचे, पुन्हा तिथेच. मला खोली मिळणार होती, पण असा माणूस दिवसभर डोळ्यांसमोर असण्यापेक्षा गाडी परवडली.

शनिवारी मी बांधाबांध करायला घेतली. इंजिन उचललं तर बोटं लाल झाली. दुसऱ्याच्या घरी वस्तू अशी कशी द्यायची? जुन्या साडीचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवला आणि चाकं घासायला लागले.

दारातून आवाज आला, "अगं, पूजेचं कुंकू आहे ते!"

"पूजा झाली. चालत नाही तर नाही, निदान स्वच्छ जाऊ दे."

"तुला काही धरबंध नाही."

"तुम्हाला आहे ना, पुरे."

गुंडाळायला रद्दी हवी होती, म्हणून इंजिन रुळावर टेकवलं. रुळातल्या विजेचं बटण त्यांनी तसंच चालू ठेवलेलं होतं. माझ्या बोटांतून ते इंजिन सुटलं आणि दिवा लावून बोगद्यात शिरलं. मी ओरडलेच.

ते आत आले. इंजिन वळण घेऊन परत आलं तसं उचलून चाकं पाहिली, मग माझ्या हातातलं लाल फडकं पाहिलं. "तेलकुंकवाचा थर वाळला होता. वीज आत जाणार कुठून!"

"एवढं भिंग घेऊन बसलात, दिसलं नाही?"

"दिसत होतं की. पण पूजेचं कुंकू कोण पुसतं?"

माझ्या शिवणयंत्रावरचंही तसंच होतं.

ते स्टुलावर बसले. हात उलटा-सुलटा करून बघितला. "म्हणजे मी काही मोडलं नव्हतं."

"नाही. नुसती पूजा केलीत," मी म्हटलं. ते हसले. दुखण्यानंतर पहिल्यांदा.

रविवारी मित्र येष्टीनं आला, काखेत रिकामी पोती घेऊन. गाडी धावताना पाहून म्हणाला, "अरे, बिघडली होती ना? काय निघालं?"

"विजेच्या वाटेत अडथळा होता," नवरा गंभीरपणे म्हणाला. "बारीक काम होतं."

मित्रानं माझ्याकडे बघितलं. "वहिनी, खरं का?"

"फार बारीक," मी म्हटलं आणि चहा टाकायला गेले. दोघांनाही बशीत कप दिले. वाजला तर वाजू दे.