दवाखान्याच्या ओट्यावर तुकाबाई

तुकाबाईचा आवाज आधी गेला. आणे गावच्या पठारावर मेंढरांमागं वाढलेली बाई, तिची हाळी पलीकडच्या टेकडीवर ऐकू जायची. लग्न करून ओतूरजवळच्या वाडीत आली आणि धाकटी मुलगी झाल्यानंतर तिचा गळा घोगरा होत गेला. मग तोंड सुजलं, केस गळाले. वैशाखातही ती गोधडी ओढून बसायची. भाकरी थापता थापता डोळा लागायचा.

नवऱ्यानं, यमाजीनं, तिला ओतूरच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं तिच्याकडं न बघता यमाजीलाच विचारलं, "घरात काम करते का?"

"डॉक्टर, मला लई थंडी वाजती," तुकाबाई म्हणाली. "गळ्यापाशी जड..."

"तुला विचारलं का?" मग यमाजीला, "आळस आहे. खाणं कमी करा, कामाला लावा."

बाकावरच्या बायका हसल्या. घरी तिची भाकरी अर्धी झाली. पुढं कैक वर्षं ती त्या दवाखान्यात जात राहिली. दर वेळी एक इंजेक्शन आणि तेच बोलणं.

२००१ साली कांदे काढताना ती वावरातच कोसळली. तिचा भाऊ सोमनाथ आला आणि यमाजीला न विचारता तिला जीपमध्ये घालून मंचरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंपुढं तो सांगायला लागला, तसं त्या म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या."

तुकाबाई बोलत राहिली. कुणी मधे तोंड घातलं नाही. बाईंनी गळा चाचपला, रक्त पुण्याला पाठवलं.

"तुमची थायरॉइडची ग्रंथी नीट काम करत नाही," त्यांनी नंतर सांगितलं. "रोज सकाळी गोळी, जन्मभर. तुम्ही आळशी नव्हता, आजारी होता."

"हे रक्त आधीच तपासलं असतं तर?"

"तर एवढे हाल झाले नसते."

तुकाबाई रडली नाही. सूज उतरली, आवाज परत आला, तशी ती बाजाराच्या दिवशी ओतूरला गेली आणि त्या डॉक्टरच्या ओट्यावर बसली. येणाऱ्या प्रत्येक बाईला खड्या आवाजात विचारायची, "काय व्हतंय गं? थंडी वाजती? अंग सुजतं? हितं नको थांबू, मंचरला जा." वाडीतली भागू नावाची एक नवी सून मंचरला जाऊन आली, तिलाही तीच गोळी मिळाली. बातमी पसरली. बाजारच्या दिवशी बाक रिकामा राहायला लागला.

शेवटी डॉक्टर बाहेर आला, ओट्यापुढं बाजारची माणसं थांबली, तसा हात जोडून हळूच म्हणाला, "बाई, माझी चूक झाली."

"मोठ्यानं सांगा," तुकाबाई म्हणाली. "मागच्यास्नी ऐकू आलं न्हाई."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. पुढच्या बाजारी ती पुन्हा ओट्यावर होती.

"आता सोड की," यमाजी म्हणाला.

"सोडीन. अजून न्हाई."

वर्षभरात डॉक्टरनं दवाखाना आळेफाट्याला हलवला. तुकाबाईनं स्टँडवर जाऊन तिकडं एसटी कधी जाते ते विचारून घेतलं.