बानूबाईंसाठी दोन शब्द

आमच्या बेंबळीत माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलं बोलायला चार माणसं ठरलेली आहेत. त्यातला एक मी. निवृत्त शिक्षक, आवाज बरा, आणि दहा मिनिटं बोलायला त्या माणसाची ओळख लागते असं मला कधी वाटलं नाही. सत्कार असो, वाढदिवस असो, की तिसऱ्या दिवशी राख सावडल्यावर स्मशानात व्हायची श्रद्धांजली असो, बोलायला मी पुढं. आणि माझ्या हातात माईक द्यायचा तो गोरोबा.

गोरोबा तीस वर्षं गावाला आवाज पुरवतोय. आधी कर्णे, मग लाकडी पेट्या, आणि सहा वर्षांपूर्वी सोलापूरहून आणलेला कॉर्डलेस. माईकचा आवाज पकडणारा एक डबा, दोन माईक. वायर गेली म्हणून गाव खूश झालं, कारण वायरीत पाय अडकून दोन माजी सरपंच स्टेजवर आडवे झाले होते. गावाची कटकट मिटली, गोरोबाची वाढली. डबा जमिनीवर ठेवायचा नाही, स्टुलावर ठेवायचा, म्हणजे माणसांच्या अंगाआड जात नाही. त्याच्या एरियलच्या दोन्ही काड्या बैलाच्या शिंगांसारख्या फाकवायच्या. प्रत्येक कार्यक्रमाला नवे सेल. डब्यावरचा नंबर आणि माईकवरचा नंबर एकच पाहिजे. एवढं सगळं करून तो माईक द्यायचा आणि घेणारा आधी जाळीवर टिचक्या मारायचा, मग फुंकायचा, मग माईकची शेपूट मुठीत आवळून बोलायला लागायचा. आवाज त्या शेपटीतूनच डब्याकडं जातो, हे गोरोबानं शंभरदा सांगितलं असेल. आवाज तुटला की शिव्या मात्र त्यालाच.

त्याच्या या धंद्यात अर्धा जीव बानूबाईंचा होता. त्या त्याची बायको. मांडव भरायच्या आधी त्या सगळ्यात शेवटच्या रांगेच्याही मागं, उन्हात जाऊन उभ्या राहायच्या. गोरोबा माईकमध्ये एक दोन तीन म्हणत फिरायचा. आवाज नीट आला की त्या हात वर करायच्या, तुटला की पदर झटकायच्या. त्यांचा हात वर झाल्याशिवाय गोरोबानं कधी कुणाच्या हातात माईक दिला नाही. मी एवढी भाषणं केली, ती मागच्या माणसापर्यंत पोचली ती या बाईमुळं. आभार मानताना मी मंडपवाल्याचं नाव घ्यायचो, आचाऱ्याचं घ्यायचो, आणि ज्यांची नावं अनवधानानं राहिली त्यांचेही आभार म्हणून मोकळा व्हायचो. बानूबाई कायम त्या राहिलेल्यांत.

गेल्या वर्षी गावातल्या सिद्धारामनं डीजेचा धंदा टाकला. कॉर्डलेस कुठला घ्यावा म्हणून तो गोरोबाकडंच आला आणि या भल्या माणसानं त्याला सोलापूरचं तेच दुकान, तसाच डबा सुचवला. दोघांचे डबे एकाच नंबरवर लागून आले. गावात दोन कार्यक्रम असले तर एकानं नंबर बदलायचा, नाहीतर तुझं माझ्यात आणि माझं तुझ्यात वाजंल, असं गोरोबानं त्याला बजावलं. सिद्धारामनं मान डोलावली आणि बटणाला कधी हात लावला नाही. मग गोरोबाच दर वेळी सिद्धाराम कुठं लागलाय याची चौकशी करून आपला नंबर फिरवून घ्यायचा.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला बानूबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत आटोपलं. दुसऱ्या दिवशी गोरोबा माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"गुरुजी, उद्या नऊला सावडायचं हाय. तिच्यासाठी दोन शब्द तुमी बोला. दुसरं कुणी बोलणार न्हाय."

खरं होतं ते. स्मशानात बोलून घ्यायलाही आमच्याकडं पत लागते. मुलगा नोकरीत, भाऊ राजकारणात, नाहीतर जमीन रस्त्याला लागून. यांना तर मूलबाळही नव्हतं. मी येतो म्हणालो. त्याच्या हाताला हात लावून म्हणालो.

आता माझी अक्कल ऐका. सावडायच्या त्याच सकाळी नऊलाच शाळेच्या मैदानावर तालुक्याच्या पुढाऱ्याचा सत्कार होता आणि सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. मी मुळीच घाबरलो नाही. पुढाऱ्याचं नऊ म्हणजे बारा, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. मैदानाच्या मागं ओढा, ओढ्यापलीकडं स्मशान. बोलून परत यायला अर्धा तास पुरे. साडेआठला मी फक्त तोंड दाखवायला मैदानावर गेलो आणि पावणेनऊला गाड्या आल्या. उभ्या आयुष्यात हा माणूस पहिल्यांदा वेळेआधी आला. त्याला म्हणे पुढं सोलापूरला लग्न होतं. सिद्धारामनं माझ्या हातात माईक दिला.

मला नाही म्हणता आलं असतं. बायको गेलीय एका माणसाची, जाऊन येतो, असं सांगितलं असतं तर कुणी मला खाल्लं नसतं. पण समोर खुर्च्या भरलेल्या, हातात माईक, आणि मला त्याची चटक. मी सुरू झालो.

पलीकडं काय झालं ते मला नंतर कळलं. राख सावडून झाली. पंधरा-वीस माणसं लिंबाखाली बसली. गोरोबानं बॅटरीवरचा स्पीकर लावला, डबा स्टुलावर ठेवला, काड्या फाकवल्या, आवाज वाढवून ठेवला. नंबर बघायचा मात्र त्या एका सकाळी राहिला. बायकोच्या राखेला हात लावून आलेल्या माणसाला नंबर कुठला आठवतोय. माईकचं बटण बंद ठेवून तो माझी वाट बघत उभा राहिला. तेवढा वेळ मैदानावर हारतुरे चालले होते आणि माझाही माईक बंद होता. मग, कुणी बोलता का, म्हणून त्यानं विचारलं. माणसं जमिनीकडं बघत राहिली. तेवढ्यात त्याच्या स्पीकरमधून माझा आवाज आला.

मी पाच दिवसांनी त्याच्याकडं गेलो. माफी मागायची म्हणून गेलो आणि ओट्यावर बसून उन्हाळ्याविषयी बोलत राहिलो. तो जुने सेल एका डब्यात भरत होता. शेवटी त्यानंच विषय काढला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"आवाज लई साफ आला तुमचा. कुठंबी तुटला न्हाय."

मी म्हणालो, गोरोबा, ते त्या पुढाऱ्यासाठी होतं.

"व्हय. पर आधी कळलं न्हाय ना. तुमी म्हणलं, जन्मभर दुसऱ्यासाठी उन्हात उभं ऱ्हायलं आन् सोताचं नाव कधी पुढं केलं न्हाय. म्या म्हणलं, गुरुजी आले, दुसरा माईक घिऊन हितंच कुठंतरी उभं ऱ्हाऊन बोलायलेत. समद्यांनी हात जोडले. म्याबी जोडले."

ते वाक्य मी प्रत्येक पुढाऱ्याला वापरतो. वीस वर्षांत एकालाही ते लागू पडलेलं नाही.

"मग तुमी म्हणलं, टाळ्या कमी पडल्या, जोरात होऊ द्या," गोरोबा म्हणाला. "आन् टाळ्या आल्या. तवा कळलं."

लगेच बंद का केलं नाही, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"हात उचलला न्हाय. तिच्यासाठी बोललेलं तेवढंच हुतं."