वहिनीची हवालदारी

आमच्या वाडीतून फौजेत गेलेली माणसं बरीच आहेत, पण फौज खऱ्या अर्थाने चालवली असेल तर ती माझ्या चुलत वहिनीने. आणि तीसुद्धा ओरोस ह्या जिल्ह्याच्या गावापलीकडे पाऊल न टाकता. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो फौजेत गाड्या चालवतो. कुठे आहे हे त्याला विचारलं तर तो "वर, थंडीत" एवढंच सांगतो. वहिनीला विचारलं तर ती त्याच्या तुकडीत हवालदार किती, सुभेदार किती, त्यांतला कोण कधी निवृत्त होणार, कुणाच्या बायकोशी कुणाचं पटत नाही आणि त्यामुळे कुठली जागा लवकर रिकामी होण्याचा संभव आहे, इतकं सांगून वर "चाय घेतास?" असं विचारते. वाडीतल्या माणसांनाही तिने मनातल्या मनात हुद्दे दिले होते. बैठकीत सरपंच नुसतेच मान हलवत बसले की ती म्हणायची, "ह्यो नायकाच्या वर जावचो नाय."

नायकाच्या वर न जाण्याचं दुःख तिच्या घरातलंच होतं. दादा कित्येक वर्षं नायक होता. त्याच्या मागून भरती झालेले हवालदार होऊन खांद्याखाली तिसरी फीत लावून जत्रेत मिरवत होते आणि दादाच्या दोन फितींची तिसरी काही होत नव्हती. कारण त्याच्या नावापुढे लाल शाई होती. फौजेत मोठी शिक्षा झाली की ती लाल शाईने लिहितात आणि लहान झाली की काळ्या शाईने. दादाकडे दोन्ही होत्या, आणि सबंध वाडीला ठाऊक असलेली पण वहिनीसमोर कुणी न बोलणारी गोष्ट अशी, की दोन्ही तिच्यामुळे होत्या.

लाल शाई लग्नाच्या पहिल्याच वर्षातली. दादा गणपतीला रजेवर आला होता आणि रजा संपायच्या दिवशी नेमक्या गौरी. नव्या नवरीचा पहिला ओवसा, म्हणजे सुपं भरून गौरीसमोर ठेवायची आणि मग घरातल्या थोरांना द्यायची. माहेरची, सासरची सगळी माणसं जमणार आणि नवरा तेवढा गाडीत. वहिनीने बॅग माळ्यावर टाकली. "सरकार येवढा मोठा," ती म्हणाली, "एक माणूस चार दिवस मागसून गेलो तर काय बुडतला?" सरकारचं काही बुडालं नाही. पण चार दिवसांनी दादा निघाला तर पुढे दरड कोसळून गाड्या बंद, आणि तो पोचेपर्यंत चाराचे बरेच अधिक झाले. त्याला कोठडी मिळाली आणि नावापुढे लाल रेघ आली. काळी शाई सुक्या बांगड्यांच्या वासाची. तो नको नको म्हणत असताना वहिनीने त्याच्या ट्रंकेत तळाशी बांगड्यांचा डबा घातला, आणि ज्या दिवशी मोठे साहेब बराकीची तपासणी करायला आले त्याच दिवशी त्या डब्याचं झाकण सैल झालं. दादा सांगतो, साहेब दारातच थांबले आणि आत येण्याऐवजी त्यांनी बाहेरूनच विचारलं की इथे कोण मेलंय.

वहिनी ह्या गोष्टींवर आमच्याबरोबर हसायची. पण एकदा अळवाची पानं निवडताना, मी काही विचारलेलं नसताना, ती मला म्हणाली, "भावजी, माणूस एवढो सरळ, आणि माझ्यामुळे तेंच्या नावाक डाग लागलो." आणि पानं उचलून आत गेली. त्यानंतर तिच्या कुठल्याही खटपटीला मी नाही म्हटलं नाही.

खटपटी काही कमी नव्हत्या. दर सोमवारी ती एसटीने ओरोसला माजी सैनिकांच्या ऑफिसात जाऊन बसे. तिथे एक निवृत्त सुभेदार कामाला होते. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं की बाई, इथे निवृत्तांची कामं होतात, बढत्या इथून मिळत नाहीत. वहिनी ऑफिसात गेली की तिचं मालवणी उंबऱ्याबाहेर राहतं. ती म्हणाली, "साहेब, मी बढती मागायला आलेलीच नाही. मी फक्त मार्गदर्शनाच्या अपेक्षेने आलेली आहे." आणि पुढच्या सोमवारी पुन्हा अपेक्षेने आली. शेवटी सुभेदार शरण गेले. त्यांनी सांगितलं की जुन्या लाल शाईचा भार वर्षांबरोबर हलका होतो. अलीकडची वर्षं स्वच्छ असली, बढतीची परीक्षा पास झाली आणि वरच्या साहेबांचं मत बरं पडलं, तर नायकाचा हवालदार होऊ शकतो.

त्या दिवसापासून दादाच्या स्वच्छतेची जबाबदारी वहिनीने घेतली. नवऱ्याला चार दिवस अडवून धरणारी ही बाई आता त्याला रजा संपण्याआधीच घराबाहेर काढू लागली. दरड कोसळेल, संप होईल, इंजिन बिघडेल, असं म्हणत ती त्याला एक अख्खा दिवस आधी रिक्षात घालून कुडाळला पाठवी. मी कुडाळच्या शाळेत शिकवतो आणि तिथेच बिऱ्हाड आहे. दादा स्टेशनवर न जाता माझ्याकडे येई, बूट काढी आणि "वैनीक सांगा नको" एवढं म्हणून माझ्या घरातला गळका नळ, करकरणारा पंखा, जे काय बिघडलेलं असेल ते दुरुस्त करत बसे. माझ्या घरातल्या वस्तू त्याच्या रजेच्या सुमारास बिघडू लागल्या, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. रजेतला तो एक दिवस त्याला कुठल्यातरी घरात घालवायचा असे, एवढंच मला समजलं होतं.

परीक्षेत नकाशावाचन असतं हे कळल्यावर वहिनीने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला वाडीचा नकाशा काढला. त्यात देऊळ, साकव, खाडी, मासळीबाजार, शाळा, आणि ज्यांच्याशी आमचं भांडण आहे त्यांचं घर सोडून बाकी सगळी घरं होती. तो देऊन तिने दादाला सकाळी उत्तर दिशा शोधायला पाठवलं. दादा दुपारी पिशवीभर सौंदाळे घेऊन परतला. "नकाशात मासळीबाजार होतो," तो शांतपणे म्हणाला, "थंय बरोबर पोचलंय."

देवालाही तिने सोडलं नाही. ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालायला गुरवांना उभं केलं. गुरव हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या नावापुढे जी काय लाल शाय लागली आसा, ती पुसून काळी कर रे म्हाराजा." आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणणार, तेवढ्यात मागून वहिनी म्हणाली, "काळी पण नको ओ. काळी एक आसाच." गुरवांनी देवाची क्षमा मागून पुन्हा सुरुवात केली.

आणि दादा परीक्षेत पास झाला. नंतर साहेबांसमोर उभं राहायचं होतं. जुन्या गैरहजेरीबद्दल विचारलं तर फक्त दरडीचं सांगायचं, असं वहिनीने फोनवर पढवलं होतं. साहेबांनी विचारलं. दादा म्हणाला, बायकोचा पहिला ओवसा होता म्हणून राहिलो, दरड नंतर पडली. ओवसा म्हणजे काय, असं साहेबांनी विचारल्यावर त्याने सुपं किती, त्यांत पानं कुठली, फळं कुठली, कुणाला काय द्यायचं, हे सगळं हिंदीत सांगितलं. सुपाला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना म्हणून हातांनी पाखडून दाखवलं. साहेबांनी शेवटी हात वर करून थांबवलं आणि बायकोला नमस्कार सांग म्हणाले.

तिसरी फीत लागली. वहिनीने वाडीभर मालवणी खाजं वाटलं, भांडणवाल्या घरीसुद्धा दिलं, आणि ओरोसच्या सुभेदारांसाठी वेगळा पुडा बांधून मला स्कूटरवर घेऊन चल म्हणाली. सुभेदारांना मनापासून आनंद झाला. खाजं तोंडात टाकून ते म्हणाले, "छान झालं हो. आता नोकरीही वाढली. नायकच राहिले असते तर पुढच्या शिमग्याला घरी येऊन बसले असते. आता दोन वर्षं चिंता नाही."

वहिनी हसली, आभार मानून नीट उठली आणि बाहेर आली. स्कूटरजवळ आल्यावर तिने पदराने उगाच आरसा पुसला.

"भावजी," ती म्हणाली, "म्हणजे ते पुढच्या शिमग्याक कायमचे घराक इले आसते?"

मी हो म्हणालो. तुकडीतल्या सगळ्यांची निवृत्ती तिला पाठ होती, दादाची तेवढी तिने कधी मोजली नव्हती. दादाचा फोन रोज संध्याकाळी यायचा तसा त्या दिवशीही आला. ओटीवर मी होतो, त्याची आई होती, फोन स्पीकरवर होता, तरी वहिनीने कुणाची पर्वा न करता सरळ विचारलं, "तुमका म्हायत होता?"

"होता."

"मगे सांगूक नाय कित्या?"

तिकडे चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "तुझ्या मनातला तां एकदा जावंदे म्हटलंय."

आता पुढची पायरी नायब सुभेदाराची. वाडीतली माणसं थट्टेने तिला विचारतात, सुभेदारीण कधी होणार? ती म्हणते, "हवालदार पुरो आमका," आणि चुलीवर काही नसतानाही चूल बघायला जाते. ओरोसला ती आता जात नाही. परवा संध्याकाळी मी गेलो तेव्हा ती विळीवर नारळ खवत बसली होती आणि फोन बाजूला पाटावर ठेवलेला होता. फोनमधून आवाज काहीच येत नव्हता. कट झाला असेल म्हणून मी उचलायला गेलो, तर तिने खवता खवता मानेनेच नको म्हटलं. मी पाटाजवळच बसलो. मग ऐकू आलं, तिकडे लांब कुठेतरी एक जड गाडी सुरू होत होती, आणि फोनच्या अगदी जवळ कुणीतरी कपातला चहा फुंकून पीत होतं.